पन्नास की एकशे तीस?

कर्कटकाला टोक असतं, त्यामुळे ते टोचणार हे आधीच कळतं. कोनमापकाचं तसं नाही. पारदर्शक, गोलसर, दिसायला अगदी निरुपद्रवी, आणि एकाच रेघेवर वर 50 लिहिलेलं, खाली 130. यातलं खरं कुठलं, हे मात्र तो सांगत नाही. माझा त्याच्यावर राग नाही, पण विश्वासही नाही.

दोन मापश्रेणी ठेवण्यामागे कारण आहे. कोन उजवीकडून उघडतो तसा डावीकडूनही उघडतो. म्हणून जी भुजा शून्याच्या रेघेवर ठेवली, तिच्यावर ज्या श्रेणीचा 0 येतो, तीच श्रेणी वाचायची. तिथून 10, 20, 30 करत दुसऱ्या भुजेपर्यंत जायचं. त्याआधी नुसत्या डोळ्यांनी बघावं की कोन काटकोनापेक्षा लहान आहे की मोठा. एवढं पाहिलं तरी लघुकोनापुढे ऐटीत 130 लिहिण्याची वेळ येत नाही.

खरा दगाबाज आहे तो कोनमापकाचा खालचा काठ. पुष्कळ कोनमापकांत शून्याची रेघ काठावर नसतेच, काही मिलिमीटर वर असते. आपण पट्टीच्या सवयीने काठच भुजेला लावतो आणि काठाचा मध्य शिरोबिंदूवर ठेवतो. समजा रेघ काठापासून 3 मिलिमीटर वर आहे आणि कोनमापकाची त्रिज्या 5 सेंटिमीटर. मग 30 अंशांचा कोन 27 भरतो, 150 चा 153 आणि 60 चा साधारण 58. काटकोन मात्र चोख 90! म्हणजे शंका आली म्हणून काटकोनावर तपासणी करावी, तर आरोपी निर्दोष सुटतो. याच पद्धतीने 30-60-90 चा त्रिकोण मोजला, तर तिन्ही कोनांची बेरीज 175 च्या आसपास येते आणि लोक त्रिकोणावर संशय घेतात.

भुजा आखूड असल्या की वेगळाच पेच. त्या आकड्यांपर्यंत पोचत नाहीत, आणि आपण मधली मोकळी जागा अंदाजाने भरतो. त्यापेक्षा पट्टी लावून भुजा वाढवाव्यात. भुजा कितीही लांबली तरी कोन तेवढाच राहतो. पेन्सिल मात्र टोकदार हवी. अर्धा मिलिमीटर जाड रेघ 5 सेंटिमीटरवर अर्ध्या अंशाहून जास्त जागा खाते. आकड्यांची बाजू कागदाला टेकलेली असावी आणि डोळा बरोबर वर असावा. तिरकं बघणाऱ्याला तिरकंच उत्तर मिळतं.

प्रविशाल, म्हणजे 180 अंशांहून मोठ्या, कोनापुढे तर हे अर्धवर्तुळ चक्क हात टेकतं. तिथे आतला कोन मोजून 360 मधून वजा करायचा. आत 75 भरला तर बाहेर 285.

गणिताने कोन काढणं हे मोजण्यापेक्षा सभ्य काम, असं माझं मत होतं. मग समीकरणं आली. रेषीय जोडीतला, म्हणजे एका सरळ रेषेवर शेजारी-शेजारी असलेल्या दोन कोनांपैकी, एक कोन (3क्ष + 10), दुसरा (2क्ष – 5). बेरीज 180, म्हणून 5क्ष = 175 आणि क्ष = 35. इथे निम्मं जग पेन खाली ठेवतं. विचारलेले असतात कोन, आणि ते आहेत 115 आणि 65. क्ष कोणी विचारलेलाच नसतो. काही जण आकृतीवर कोनमापक ठेवून पडताळा घेतात. शेजारी 'आकृती प्रमाणात नाही' असं छापलेलं असतं, तेही बारीक अक्षरात.

समांतर रेषा आणि त्यांना कापून जाणारी छेदिका हा प्रकार त्या मानाने उदार. एकूण आठ कोन, पण मोजायचा एकच. समजा तो 72 भरला. मग त्याचा विरुद्ध कोन 72, दुसऱ्या रेषेवर त्याच जागी असलेला संगत कोन 72, शेजारचा 108, असे बाकीचे सात फुकटात मिळतात. मात्र पहिलाच चुकीचा मोजला, तर आठही चुकतात, आणि तेही एकमेकांशी तंतोतंत जुळून.