कुरळ्या केसांना वळण पाणी देते, तापलेली पट्टी नव्हे

कुरळ्या आणि लाटदार केसांबद्दलचा एक लांबलचक सल्ला गेली काही वर्षे या ना त्या रूपात व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोहोचतो आहे. त्यात सांगितलेले थोडक्यात असे: कुरळे केस म्हणजे मुळात कोरडे पडलेले, बिघडलेले केस, ते नीटनेटके दिसायचे तर स्ट्रेटनर किंवा कर्लिंग आयर्नला पर्याय नाही, ही यंत्रे केस ओलसर असतानाच फिरवावीत, म्हणजे वाफेने आकार पक्का बसतो, आधी संरक्षक फवारा मारला की तापमान कितीही ठेवले तरी अपाय नाही, एरवी केस वाळल्यावर रोज भरपूर विंचरावेत आणि कोरडेपणावर तेल चोपडावे, एवढे करूनही केस ऐकत नसतील तर सलूनमध्ये केरॅटिन करून घ्यावे, कारण ते केसांचेच अन्न आहे. माझ्या भाचीने दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत हा सल्ला शब्दशः पाळला आणि जुलैपर्यंत तिच्या कपाळालगतच्या बटा बोटभर लांबीवर तुटून उभ्या राहू लागल्या. त्या मुलीला, आणि तिच्यासारख्या अनेकींना, आपलेच केस वाईट आहेत असे वाटू लागते, हे मला सहन होत नाही. म्हणून या सल्ल्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

कुरळे केस बिघडलेले असतात, हे पहिलेच विधान चुकीचे आहे. केस कुरळा होतो तो त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी. ज्या पिशवीतून तो उगवतो ती सरळ असली तर केस सरळ येतो, ती वाकडी असली तर तो वळण घेऊनच बाहेर पडतो, आणि असा केस आडवा कापून पाहिला तर त्याचा छेद गोल न दिसता लंबगोल दिसतो. ही ठेवण आनुवंशिक असते. ती आजार नव्हे आणि निष्काळजीपणाची खूणही नव्हे. अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींच्या मस्तकावर शिल्पकारांनी लहान लहान वळ्या काळजीपूर्वक कोरल्या आहेत. कुरळे केस म्हणजे अव्यवस्थित केस हे समीकरण आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले आहे, असे निदान त्या मूर्तींकडे पाहून तरी म्हणता येणार नाही. या विधानात खरे आहे ते एवढेच की कुरळ्या केसांची टोके लवकर कोरडी पडतात, कारण टाळूतून पाझरणारा तेलकट स्राव सरळ केसावरून सहज खाली उतरतो, तर वळणावळणाच्या केसावर तो वाटेतच थांबतो. पण हे काळजी कशी घ्यावी याबद्दलचे कारण झाले. केस मोडून सरळ करण्याचे कारण ते होऊ शकत नाही.

दुसरे विधान, म्हणजे उष्णतेला पर्याय नाही हे, साऱ्या सल्ल्याचा कणा आहे, म्हणून त्याकडे सविस्तर पाहायला हवे. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. गंधकाचे बंध मजबूत असतात; ते पाण्याने सुटत नाहीत, आणि केसाचे जन्मजात वळण टिकवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. हायड्रोजनचे बंध मात्र नाजूक पण असंख्य असतात. केस भिजला की ते सुटतात, आणि केस वाळताना तो ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपले की सकाळी सरळ केसांनाही लाटा पडतात आणि पाण्याचा हात फिरवला की त्या मावळतात, हा अनुभव जिने लहानपणी घेतला आहे तिने हे सारे रसायनशास्त्र स्वतःच्या डोक्यावर पाहिलेले आहे. सुती साडीला इस्त्री करण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडतात तेही याच जातीच्या बंधांसाठी. म्हणजे आकार मोकळा करण्याचे काम पाणी करते आणि तो पक्का होतो पाणी निघून जाताना. उष्णता हे पाणी घालवण्याचा फक्त एक मार्ग आहे, तोही सर्वांत घाईचा. ज्या केसाला वळण मुळातच आहे त्याला तर नवा आकार द्यायचाच नसतो. त्याचे वळण वाळेपर्यंत विस्कटू द्यायचे नाही, एवढेच करायचे असते.

ते प्रत्यक्षात असे करता येते. केस धुतल्यावर ते पूर्ण ओले असतानाच, कंडिशनरचा निसरडेपणा केसांवर असताना, जाड दातांच्या कंगव्याने किंवा नुसत्या बोटांनी टोकांकडून मुळांकडे जात गुंता सोडवावा. मग कंडिशनर धुऊन टाकावा आणि पाणी निथळत असतानाच थोडे जेल दोन्ही तळव्यांना लावून बटांवरून फिरवावे, आणि केस खालून ओंजळीत घेऊन वर डोक्याकडे दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत. खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसणे हे कुरळे केस पिंजारण्याचे मोठे कारण आहे, म्हणून पुसण्याऐवजी जुन्या सुती पंचाने किंवा वापरून मऊ झालेल्या टी-शर्टने पाणी टिपून घ्यावे. त्यानंतर केस पुरते वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. ही पायरी ऐकायला सर्वांत सोपी आणि पाळायला सर्वांत कठीण आहे. वाळल्यावर जेलमुळे बटा कडक लागतात आणि पुष्कळजणी तिथेच निराश होऊन केस धुऊन टाकतात. परंतु ते कवच वळणाला आधार देण्यासाठीच असते, आणि केस पूर्ण कोरडे झाल्यावर ते ओंजळीत हलकेच चुरले की कडकपणा जातो आणि वळण राहते.

जेल विकतच आणले पाहिजे असेही नाही. ज्या जवसाची आपण चटणी करतो तेच जवस पाव वाटी घेऊन दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळावे, आणि पाणी अंड्यातील पांढऱ्यासारखे दाट होऊन चमच्यावरून तार धरू लागले की लगेच, गरम असतानाच, गाळून घ्यावे. थंड झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही. हे जेल फ्रीजमध्ये साधारण आठवडाभर टिकते आणि वास बदलला की टाकून द्यावे. रात्री केस डोक्यावर उंच, सैलसा अंबाडा करून बांधावेत. सकाळी दबलेल्या बटा ओल्या हाताने तेवढ्यापुरत्या भिजवून बोटाभोवती गुंडाळून सोडल्या की त्या पुन्हा वळण धरतात. या सगळ्यात धुण्याचा वेळ सोडला तर हाताचे काम फार तर पंधरा-वीस मिनिटांचे आहे. बाकीचा वेळ वाळण्याचा असतो आणि तेवढ्या वेळात दुसरी कामे करता येतात.

ओलसर केसांवर तापलेले यंत्र फिरवण्याचा सल्ला या संदेशातील सर्वांत घातक भाग आहे, आणि माझ्या भाचीचे केस तुटले ते यामुळेच, असे मला वाटते. भिजलेल्या केसात त्याच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शिरलेले असते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि स्ट्रेटनरची पट्टी २०० अंशांच्या पुढे तापवता येते. अशा पट्टीखाली केसातील पाण्याची क्षणार्धात वाफ होते, तिला बाहेर पडायला वाव मिळत नाही, आणि ती केसाच्या आत बुडबुडे तयार करते. त्वचारोगतज्ज्ञ या विकाराला ‘बबल हेअर’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस स्पंजासारखा पोकळ दिसतो, आणि पोकळ झालेल्या ठिकाणी तो साध्या विंचरण्यानेही तुटतो. शिवाय केरॅटिनची आतली घडण कोरड्या केसात २०० अंशांच्या बरीच पुढे जाईपर्यंत तग धरते, पण केस पाण्याने भरलेला असताना ती १५० अंशांच्या आसपासच कोसळू लागते. ज्या वाफेने आकार ‘पक्का बसतो’ असे संदेश सांगतो ती वाफ केसाच्या आतून येत असते, हे तो सांगत नाही. एखाद्या समारंभासाठी स्ट्रेटनर वापरायचाच असेल तर केस अगदी कोरडे असावेत, तापमान शक्य तितके कमी ठेवावे आणि एका बटेवरून पट्टी एकदाच फिरवावी.

संरक्षक फवाऱ्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यांतील सिलिकोन आणि तत्सम द्रव्ये केसावर पातळ थर धरतात, उष्णता आत शिरण्याचा वेग कमी करतात आणि घर्षण घटवतात. ते उपयोगाचे आहेत. पण अपाय कमी होणे आणि अपाय न होणे यांत फरक आहे, आणि कुठलाही फवारा २३० अंशांची पट्टी १०० अंशांची करू शकत नाही. टाळूबाहेरचा केस निर्जीव असतो, त्वचेवरील जखमेसारखा तो भरून येत नाही. महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढणाऱ्या केसाचे, मुळापासून ३० सेंटिमीटरवर असलेले टोक अडीच वर्षांचे जुने असते, आणि त्या अडीच वर्षांत त्याला लागलेला प्रत्येक चटका त्यात साठलेला असतो.

रोज सुके विंचरा आणि ओले कधीच विंचरू नका, हा नियम आपल्या आई-आजींनीही आपल्याला सांगितला आहे, आणि सरळ केसांपुरता तो बरोबर आहे, कारण ओला केस अधिक ताणला जातो आणि कमी जोराने तुटतो. पण कुरळ्या केसांच्या बाबतीत हिशेब उलटा पडतो. कोरड्या, एकमेकींत अडकलेल्या वळ्यांमधून कंगवा ओढताना लागणारा जोर एवढा असतो की केस तुटतातच, आणि एकत्र बांधलेल्या बटा सुटून प्रत्येक केस वेगळा उभा राहतो. ज्याला आपण पिंजारलेले केस म्हणतो ते पुष्कळदा केवळ सुके विंचरलेले कुरळे केस असतात. म्हणूनच अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही घट्ट वळणाचे केस दमट असताना, जाड दातांच्या कंगव्याने विंचरण्याचा सल्ला देते.

तेलाच्या बाबतीत संदेशाची चूक अर्धी आहे. तेलात पाणी नसते, त्यामुळे तेल ओलावा देत नाही. उलट ते पाण्याला केसात शिरू देत नाही. म्हणून कोरड्या केसांवर तेल चोपडले तर ते चमकतात, पण मऊ होतात असे नाही, आणि बारीक लाटांचे केस तेलाच्या वजनाने लोंबू लागतात. मात्र नारळाच्या तेलाचा न्हाण्यापूर्वीचा उपयोग खराच आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ मध्ये नारळाचे, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती, आणि तीत केसातून धुऊन जाणारे प्रथिन लक्षणीय प्रमाणात कमी झाले ते फक्त नारळाच्या तेलाने, कारण त्यातील लॉरिक आम्लाचे छोटे, सरळ रेणू केसाच्या आत शिरू शकतात. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. तरी त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. कोकणात न्हाण्याच्या आदल्या रात्री डोक्याला खोबरेल लावण्याची रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. केस धुतल्यानंतर ते हवेच असेल तर टोकांना दोन थेंब पुरतात.

उरले केरॅटिन. सलूनमधील या उपचारात केसाला अन्न मिळत नाही. निर्जीव केस काही खात नाही. त्यात सरळ करणारे रसायन लावून ते तापलेल्या पट्टीने केसात पक्के केले जाते, आणि यांपैकी अनेक उत्पादनांतून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते, ज्याबद्दल अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाने २०११ मध्ये सलूनचालकांना इशारा दिला होता. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायॉक्सिलिक आम्ल असते, आणि अशा क्रीमनंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या एका तरुणीची हकिगत फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली आहे. जन्मतः निरोगी असलेल्या केसांसाठी एवढी जोखीम का घ्यावी, याचे उत्तर मला सापडत नाही.

माझ्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक चूक इथे सांगितली पाहिजे. उष्णता टाळायची म्हणून ड्रायरला हातच लावू नये, असा आग्रह काहीजणी धरतात. तो योग्य नाही. कोरियातील त्वचारोगतज्ज्ञांच्या २०११ च्या अभ्यासात ड्रायर जितका जवळ आणि गरम, तितका केसाचा पृष्ठभाग अधिक खराब झालेला आढळला. पण केसांच्या पेशींना जोडणाऱ्या आतल्या थराला इजा दिसली ती आपोआप वाळू दिलेल्या केसांत, बहुधा ते फार वेळ पाण्याने फुगून राहिल्यामुळे. ड्रायर १५ सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत ठेवला तेव्हा केसाजवळचे तापमान ४७ अंशांच्या आसपास राहिले आणि एकूण इजा कमी झाली. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या जुलैमध्ये दाट कुरळे केस चार-चार तास ओले राहतात, तेव्हा जाळीदार डिफ्यूझर लावून, कमी उष्णतेवर आणि कमी वेगावर दहा मिनिटे ड्रायर वापरणे शहाणपणाचे ठरते. नागपूरच्या मे महिन्यात त्याची गरजच पडणार नाही.

भाचीच्या तुटलेल्या बटा आता हनुवटीपर्यंत आल्या आहेत. त्यांची टोके आम्ही दोनदा कापली, आणि मुळांकडून येणारा नवा भाग पूर्वीसारखाच वळणाचा आहे. दर रविवारी ती जवसाचे जेल स्वतः करते, आणि गरम असतानाच गाळायचे हे आता मला तिला सांगावे लागत नाही.