ऐकलेलं फक्त २० टक्के लक्षात राहतं? हा आकडा कुणी मोजलेलाच नाही

रोज दहा-पंधरा मिनिटांचं एखादं भाषण ऐकायची सवय आता अनेकांना लागली आहे. ‘टेड’ या संस्थेच्या मंचावरची छोटी भाषणं ऐकवणाऱ्या ‘टेड टॉक्स डेली’सारख्या पॉडकास्टवर आज हवामानबदल, उद्या जनुकशास्त्र, परवा शहरातली घरटंचाई, असे विषय येत राहतात. अशा ऐकण्याविरुद्ध एक मजकूर शिक्षकांच्या आणि पालकांच्या गटांतून वारंवार फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं. संवादातला ९३ टक्के भाग देहबोलीचा आणि आवाजाचा असल्यामुळे नुसत्या शब्दांना किंमत नाही. माणसाचं लक्ष आठच सेकंद टिकतं. म्हणून ऑडिओ सोडा, पुस्तक वाचा. ऐकायचंच असेल तर दुप्पट वेगाने उरका किंवा झोपताना लावून ठेवा, मेंदू आपोआप टिपून घेतो.

यातला एकही मुद्दा जसा सांगितला आहे तसा खरा नाही. ऐकण्यात एक खरी उणीव आहे, पण तिचा या मजकुरात उल्लेखच नाही.

पहिला मुद्दा टक्केवारीचा. वाचलेलं १० आणि ऐकलेलं २० टक्के राहत असेल, तर ऐकणं सोडून वाचा हा सल्ला त्याच आकड्यांच्या विरुद्ध जातो. पण मुळात हे आकडे आले कुठून? ते ज्या त्रिकोणी चित्रासोबत दाखवले जातात ते ओहायो स्टेट विद्यापीठातले एडगर डेल यांचं आहे. १९४६ साली त्यांनी अध्यापनसाधनांवरच्या पुस्तकात ‘अनुभवांचा शंकू’ मांडला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, वर जाता जाता प्रात्यक्षिक, सहल, चित्रपट, आणि टोकाला शब्द. कोणतं साधन किती मूर्त आणि किती अमूर्त, एवढंच ते चित्र सांगतं. त्यात एकही टक्का नाही, लक्षात राहण्याचा उल्लेख नाही, आणि चित्राचा शब्दशः अर्थ घेऊ नका असंही डेल यांनी बजावलं होतं. टक्केवारी १९६७ साली दृक्‌श्राव्य साधनांच्या एका व्यावसायिक नियतकालिकात छापून आली. लेखक मोबिल या तेलकंपनीतले होते आणि आकड्यांना आधार म्हणून कोणताही प्रयोग दिलेला नव्हता. पुढे कुणीतरी हे आकडे डेल यांच्या शंकूवर चिकटवले आणि तेच चित्र जगभर फिरलं.

आकड्यांची ठेवण पाहिली तरी शंका यायला हवी. १०, २०, ३०, ५०, ७०, ९० असे गोल आकडे स्मृतीच्या प्रयोगांत येत नाहीत. शिवाय ‘लक्षात राहिलं’ म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय मोजता काय येणार? मजकूर सोपा होता की अवघड, चाचणी पाच मिनिटांनी घेतली की महिन्याने, ऐकणाऱ्याला विषय आधी माहीत होता का, आठवून लिहायचं होतं की चार पर्यायांतून ओळखायचं होतं, यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. सगळ्या विषयांना आणि सगळ्या माणसांना लागू पडेल असा एकच टक्का असू शकत नाही.

दुसरा मुद्दा, ९३ टक्के. हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतले आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन छोट्या प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत भाषण नव्हतंच, सुटे शब्द होते. ‘मेबी’ (कदाचित) सारखा एखादा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचा, सोबत चेहऱ्याचं छायाचित्र दाखवायचं आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही हे ओळखायला सांगायचं. शब्द, सूर आणि चेहरा यांत मेळ नसेल तर माणसं भावनेचा अंदाज कशावरून बांधतात, एवढंच त्यातून कळतं. ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा हे सूत्र भावना आणि आवडीनिवडीच्या पलीकडे लागू होत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतः सांगितलेलं आहे. समुद्राची पातळी का वाढते हे समजावणाऱ्या भाषणाशी त्याचा संबंध नाही. आणि सूत्र खरं मानलं तरी आवाजाचे ३८ टक्के ऑडिओतच असतात, छापील पानावर नाहीत.

आठ सेकंदांचा आकडा २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या एका विपणन अहवालामुळे पसरला. अहवालाने तो एका संकेतस्थळावरून उचलला होता. सोबतची ‘गोल्डफिशचे नऊ सेकंद’ ही तुलनाही कोणत्याच प्रयोगावर आधारलेली नाही. महाराष्ट्रात दोन-दोन तास कीर्तन ऐकणारी माणसं आजही आहेत. लक्ष किती टिकतं हे विषय, सांगणारा आणि ऐकणाऱ्याची गरज यांवर ठरतं.

आता खरा प्रश्न: वाचलेलं जास्त कळतं की ऐकलेलं? २०१६ साली प्रौढांच्या तीन गटांना एकाच माहितीपर पुस्तकातला मजकूर दिला. एका गटाने वाचला, दुसऱ्याने ऐकला, तिसऱ्याने दोन्ही केलं. लगेच आणि दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत गटांत लक्षणीय फरक नव्हता. उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो सांगायलाच हवा. २०१० साली मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक शास्त्रीय लेख दिला, तेव्हा वाचणाऱ्यांना चाचणीत सरासरी ८१ टक्के आणि पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना ५९ टक्के गुण मिळाले. २०२२ साली अशा ४६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. एकूण फरक नगण्य निघाला. मात्र वाचणाऱ्याला स्वतःच्या गतीने वाचता येत असेल तिथे वाचन सरस ठरलं.

कारण सरळ आहे. अवघड वाक्य आलं की डोळा आपोआप मागे जातो, थबकतो. कान बोलणाऱ्याच्या गतीने पुढे ओढला जातो. गोष्ट, युक्तिवाद, एखाद्या शोधाची हकिगत यांत याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आकडे आणि आलेख आले की, आणि हवामानाच्या भाषणांत ते सतत येतात. एक वक्ता म्हणतो, वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन. दुसरा म्हणतो, सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघांतला एक खोटं बोलतोय. प्रत्यक्षात आकडा एकच आहे. कार्बनच्या अणूचं वजन १२, कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचं ४४. म्हणजे एक टन कार्बन जळून सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. ‘मिलियन’ आणि ‘बिलियन’ इंग्रजीत कानाला जवळजवळ सारखे वाटतात, पण एक म्हणजे दहा लाख आणि दुसरा म्हणजे शंभर कोटी. ‘दीड अंश’ ऐकलं तर तो १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीपेक्षा दीड अंश आहे की गेल्या काही दशकांपेक्षा, एका वर्षाचा की वीस वर्षांच्या सरासरीचा, हे सुटलं तर सगळा अर्थ बदलतो. त्यात ही बरीच भाषणं मंचावर चित्रं दाखवून दिलेली असतात. ‘ही लाल रेघ बघा’ असं वक्ता म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यापुढे रेघ नसते.

म्हणून आकडा आला की थांबवायचं, पंधरा सेकंद मागे घ्यायचं आणि तीन गोष्टी टिपायच्या: आकडा, त्याचं एकक, आणि तो कोणत्या काळाचा. चालताना जमत नसेल तर मिनिट कितवं एवढं लक्षात ठेवून घरी आल्यावर भाषणाची लेखी प्रत उघडायची. टेडच्या संकेतस्थळावर ती मिळते. काही भाषणांना स्वयंसेवकांनी केलेली मराठी उपशीर्षकंही आहेत. आलेख पाहायचा तर त्या मिनिटापुरता व्हिडिओ लावायचा.

दुप्पट वेगाचा सल्ला अर्धाच खरा आहे. लॉस एंजलिसच्या त्याच विद्यापीठात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांनी व्याख्यानाचे व्हिडिओ वेग वाढवून पाहिले. दुप्पट वेगापर्यंत आकलन फारसं घसरलं नाही, अडीचपट वेगाला मात्र घसरलं. पण ते शांत बसून पाहत होते. इंग्रजी वक्ता मिनिटाला साधारण १५० शब्द बोलतो, दुप्पट वेगात ते ३०० होतात. मातृभाषा मराठी, विषय नवा आणि आजूबाजूला लोकलचा खडखडाट असेल तर आधी व्यंजनं बुडतात आणि मग संज्ञाच चुकीच्या ऐकू येतात. अशा वेळी मूळ वेग किंवा ०.९ ठेवणंच बरं.

झोपेतल्या शिकण्याची तपासणी १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत झाली. मेंदूच्या लहरी नोंदवत झोपलेल्यांना प्रश्नोत्तरं ऐकवली. खरोखर झोप लागलेली असताना ऐकवलेलं सकाळी आठवलं नाही. आधीच्या प्रयोगांत ‘शिकलेले’ लोक मुळात अर्धवट जागे होते.

लक्षात ठेवण्याचा खरा उपाय ऐकून झाल्यावर सुरू होतो. २००६च्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवला, आणि तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते, त्यामुळे ‘मला आलं’ हा तेव्हाचा भास फसवा ठरतो. भाषण संपल्यावर लगेच दुसरं लावू नये. वक्त्याचा दावा काय होता, पुरावा कोणता दिला आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, हे तीन ओळींत आठवून लिहावं. आठवड्याने त्या ओळी न बघता पुन्हा प्रयत्न करावा.

ऐकून झाल्यावर त्यावर असं काम करण्याचा मोठा प्रयोग पुण्याच्या रेडिओ केंद्रावरूनच झालेला आहे. १९५६ साली आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोतेमंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा, एकूण २० कार्यक्रम. अर्धा तास शेती, आरोग्य, ग्रामव्यवस्था यांवरचं ऐकायचं, मग एकत्र बसून चर्चा करायची आणि पडलेले प्रश्न केंद्राला पत्राने कळवायचे. उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने आधी आणि नंतर ज्ञान तपासलं. मंडळं असलेल्या गावांत ते ठळकपणे वाढलं होतं. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथली वाढ फारच थोडी होती.