नखं बघा, डॉक्टरचे पैसे वाचवा

ज्याला दहा बोटं आहेत त्याला लॅबची गरजच काय? उपाशीपोटी रांगेत कोण उभं राहणार, त्यापेक्षा चहा पिता पिता नखं न्याहाळायची आणि मनाला येईल तो आजार ठरवायचा. फुकट काम.

सुरुवात पांढऱ्या ठिपक्यापासून करा. आजी म्हणायची, नखावर पांढरा ठिपका आला म्हणजे नवीन कपडे येणार. आता तिचीच नात म्हणते, कॅल्शियम कमी झालंय. दोन्ही सारखंच शास्त्र. खरं म्हणजे बहुतेक वेळा महिना-दोन महिन्यांपूर्वी नखाच्या मुळाशी काहीतरी लागलेलं असतं, दारात बोट सापडलेलं असतं आणि आपण विसरून गेलेलो असतो. पण हे घरात बोलू नका, कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे.

पिवळी नखं. बाकी जगात डॉक्टर बुरशी, सोरायसिस, नाहीतर फुफ्फुसाचं काहीतरी आहे का म्हणून बघतात, सांगलीत पहिला प्रश्न असतो, "मार्केट यार्डात कामाला हाय काय?" आमच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हमालांच्या नखांना मिळायचं तेवढं राहिलं. आणि याचा फायदा असा की अंगठ्याचं नख पिवळं होऊन जाड झालं, भुसा पडायला लागला, तरी "हळद हाय ओ ती" म्हणून दोन-चार वर्षं आरामात निघतात. ती बुरशी आहे हे कळलंच तर गजकर्णाची उरलेली ट्यूब चार दिवस लावा आणि गुण नाही म्हणून सोडून द्या. पायाच्या नखाला पोटातून औषध तीन-तीन महिने घ्यावं लागतं म्हणे, एवढा वेळ कुणाला आहे!

नखुरड्याचा तर मी स्वतः जाणकार आहे. मागच्या उन्हाळ्यात नखाची कड दातानं ओढली, दुसऱ्या दिवशी बोट ठणकायला लागलं, मग घरच्यांच्या सल्ल्यानं लिंबाला भोक पाडून बोटात घातलं. तीन दिवस लिंबू घालून दुकानात बसलो, गिऱ्हाईक आधी लिंबाकडं बघायचं मग माझ्याकडं. चौथ्या रात्री झोप नाही. सकाळी डॉक्टरनं बारीक चीर देऊन पू काढला, दोन मिनिटांचं काम. लिंबू मात्र मी फ्रीजमध्ये ठेवलंय, श्रद्धा आहे.

सांगलीच्या आमराई बागेत सकाळी नखावर नखं घासत फिरणारी मंडळी दिसतील. केस येणार म्हणून घासतात. मी त्यातल्या एकालाही केस आलेले बघितले नाहीत, पण घासणं थांबवू नका, निदान हात मोकळे राहिले नाहीत की तंबाखू मळता येत नाही.

तंबाखूवरून आठवलं. दोन्ही हातांची तीच बोटं पाठीला पाठ, नखाला नख लावून धरा. मध्ये शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसली पाहिजे. लिओ शॅमरॉथ नावाच्या हार्टच्या डॉक्टरनं स्वतः आजारी असताना स्वतःच्याच बोटांवर हे हेरलं आणि 1976 साली लिहून ठेवलं. फट बुजलेली असली, बोटांची टोकं ढोलाच्या टिपरूसारखी फुगलेली असली तर फुफ्फुस नाहीतर हृदय दाखवून घ्यायला सांगतात. तुम्ही मात्र "आमच्या घराण्याची बोटंच अशी" म्हणा आणि पुढची बिडी पेटवा.

एकाच नखात नवीन काळी रेघ आली आणि रुंद होत चालली तर? ठेच लागली असंल. जमैकाचा गायक बॉब मार्ली, त्याच्या पायाच्या नखाखालचं पण आधी फुटबॉलची दुखापत म्हणूनच सोडून दिलेलं, 1977 ला कॅन्सर निघाला, 1981 ला गेला, वय 36.

आणि शेवटी आमची काकू. परवा हळदीनं पिवळी झालेली बोटं पुढं करून म्हणाली, "बघ की रे, नखं खोलगट झाल्यात." खरंच चमच्यासारखी. तांब्यातलं थेंबभर पाणी नखावर टाकलं तर तिथंच राहिलं, ओघळलं नाही. तिला गंमत वाटली, तिनं शेजारणीला बोलवून परत करून दाखवलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7. जिना चढताना धाप लागते हे ती दोन वर्षं "वय झालं" या खात्यात टाकत होती. डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणावर लगेच चहा नको म्हणाले, चहानं लोह अंगी लागत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे सगळं नवीन नख यायला पाच-सहा महिने. काकूनं पंधराव्या दिवशी नखावर थेंब टाकून बघितला, अजून राहतोय म्हटल्यावर गोळ्या बंद केल्या, आणि जेवण झाल्या झाल्या म्हणाली, "जरा आलं घालून चहा टाक गं."