ती सूट धुरक्यापुरती आहे, छातीसाठी नव्हे

आमचा भाचा फर्निचरला पॉलिश मारायची कामं घेतो. मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन), गिऱ्हाईक म्हणेल ते. परवा त्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘मामा, आता वासाची कटकट संपली.’ तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: अमेरिकन सरकारने काही सॉल्व्हंटना (पॉलिश पातळ करायच्या द्रवांना) ‘व्हीओसी एक्झेम्प्ट’, म्हणजे हवेत उडणाऱ्या कार्बनी रसायनांच्या नियमातून सूट, ठरवलंय, म्हणून ती बिनविषारी. त्यांची वाफ हवेत जात नाही, ती पेट घेत नाहीत, मास्क लागत नाही, कुठल्याही पॉलिशमध्ये नाहीतर चिकटवायच्या सोल्युशनमध्ये डोळे झाकून घाला. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘दारं-खिडक्या बंद करून मारा, धूळ बसणार नाही.’

बाकीचं वाचून मी हसून सोडून दिलं असतं. पण हे शेवटचं वाक्य माझा भाचा उद्या सकाळी अमलात आणणार होता. दहा बाय दहाची बेडरूम, चार शटरचं कपाट, सोबत एक पोरगा. रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

आधी ती सूट कशातून आहे ते बघू. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, ईपीएची, व्हीओसीची व्याख्या त्यांच्या संघीय नियमसंग्रहाच्या ४०व्या शीर्षकात, कलम ५१.१०० मध्ये आहे. कुणालाही नेटवर फुकट वाचता येते. हवेत गेल्यावर उन्हात ज्यांची रासायनिक क्रिया होते ते कार्बनी पदार्थ म्हणजे व्हीओसी. या क्रियेतून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि शहरावर धुरकं धरतं. ज्यांचा हा ओझोन करण्यातला हातभार नगण्य, ती व्याख्येतून वगळलेली. सूट म्हणतात ती एवढीच. माणसाच्या छातीचा, यकृताचा किंवा कपाटासमोर वाकलेल्या पोराचा त्यात विचारच नाही, कारण तो प्रश्न त्या कलमाला कुणी विचारलेलाच नाही.

विश्वास बसत नसेल तर वगळलेल्यांच्या यादीतली अगदी पहिली तीन नावं वाचा: मिथेन, इथेन, मेथिलीन क्लोराइड. मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू. ‘एक्झेम्प्ट पेट घेत नाही’ म्हणणाऱ्याने गावाकडे जाऊन गोबरगॅसच्या शेगडीसमोर बसावं. याच यादीत पुढे जुन्या फ्रीजमधले सीएफसीही आहेत. १९७७ साली ईपीएने पहिल्यांदा सूट दिली ती चार पदार्थांना. त्यातले दोन, १,१,१-ट्रायक्लोरोइथेन आणि सीएफसी-११३, पुढे वरच्या ओझोन थराला भोकं पाडतात म्हणून माँट्रियल करारात अडकले. खालचा ओझोन करत नाही म्हणून सूट, वरचा ओझोन खातो म्हणून बंदी! सूट म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

आता तिसरं नाव. मेथिलीन क्लोराइड जुना रंग काढायच्या स्ट्रिपरमध्ये आणि काही चिकटद्रव्यांत असतं. ते सहसा पेट घेत नाही, म्हणजे फॉरवर्डवाल्याचं एक वाक्य निदान याच्यापुरतं चालतं. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते. शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जो माणसाला मारतो तोच. अमेरिकेत बाथटबचा जुना लेप काढणारे कारागीर टबात वाकून हे वापरायचे. २०००पासून २०११पर्यंत असे १३ जण मेल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली छापली. छोटी बाथरूम, बंद दार, एकटा माणूस. २०२४ साली त्याच ईपीएने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदीचा नियम केला. व्हीओसीच्या यादीत मात्र ते आजही ‘वगळलेलं’ आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण दोन वेगळे हिशेब आहेत.

पॅरा-क्लोरोबेंझोट्रायफ्लोराइडचीही तीच गत. गाड्यांच्या रंगात, चिकटद्रव्यांत चालणारं, १९९४ साली सूट मिळालेलं. २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने ते कॅन्सरकारकांच्या यादीत घातलं.

‘वाफ हवेत जात नाही’ हे तर पोरखेळ आहे. नेलपॉलिश काढायला वापरतात त्या अ‍ॅसिटोनलाही ही सूट आहे. स्टीलच्या ताटलीत चमचाभर अ‍ॅसिटोन ओता आणि पंखा लावा. बघता बघता ताटली कोरडी. मग गेलं कुठे? डब्यावरचा व्हीओसीचा आकडा काढताना सूट मिळालेलं सॉल्व्हंट पाण्यासारखं हिशेबातून वजा करतात. म्हणून अर्धा डबा अ‍ॅसिटोन असला तरी आकडा लहान दिसतो. वजा होतं ते कागदावर.

भाच्याला मी फोनवर त्याच्याच खोलीचा हिशेब करून दाखवला. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच, म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. एक लिटर अ‍ॅसिटोन उडालं की सुमारे ३३० लिटर वाफ होते. ती खोलीत सारखी पसरली तर जवळजवळ १२,००० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १२,००० भाग वाफ. कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश संस्थेने अ‍ॅसिटोनसाठी ‘तात्काळ जिवाला धोका’ ही पातळी धरली आहे २,५०० पीपीएम. ती गाठायला त्या खोलीत ग्लासभर पुरतं. आणि हा आकडा विषारीपणावरून काढलेलाच नाही! हवेत अडीच टक्के वाफ झाली की ठिणगीने भडका उडू शकतो, त्याचा दहावा हिस्सा म्हणजे २,५००. बंद खोलीत दोन-सव्वादोन लिटर उडालं की अडीच टक्के होतात, आणि वाफ जड असल्याने फरशीलगत त्याच्या कितीतरी आधी. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, उणे २० अंश आहे. फरशीवर कॉम्प्रेसर, त्याला स्विच. एक्झेम्प्ट आहे म्हणून ठिणगी थांबत नाही.

भाचा म्हणाला, ‘पण मामा, खिडकी उघडली की पॉलिशवर धूळ बसते.’ बसते, मान्य. आधी ओलं पुसून घे, बाहेर मारता येत असेल तर बाहेर मार. घासकागद पुन्हा फिरवता येतो.

‘डोळे झाकून मिसळा’बद्दल थोडक्यात. अ‍ॅसिटोन इतकं झटपट उडतं की पृष्ठभाग थंड पडतो, आणि आपल्या पावसाळ्यात त्यावर दमट हवेचं पाणी धरून पॉलिश पांढरं पडतं. दोन भागांच्या पीयूमध्ये सॉल्व्हंटसोबत पाणी गेलं तर हार्डनर (पॉलिश कडक करणारा दुसरा भाग) त्या पाण्याशीच भांडतो आणि फिल्मला बुडबुडे येतात. शिवाय त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने दमा होऊ शकतो, सॉल्व्हंट कुठलंही घाला. मास्कचं म्हणाल तर तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही, कार्बनची कार्ट्रिज लागते. मेथिलीन क्लोराइडला तीही चालत नाही, अमेरिकन नियमात तिथे बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो.

एवढं बोलल्यावर एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजाने. त्या फॉरवर्डच्या बुडाशी खरं काहीतरी आहे. थिनरमधलं नेहमीचं टोल्युईन काढून अ‍ॅसिटोन घातलं तर ओझोनच्या हिशेबात मोठा फरक पडतो. कॅलिफोर्नियाच्या तक्त्यात एक ग्रॅम टोल्युईन चार ग्रॅम ओझोन करू शकतं आणि अ‍ॅसिटोन ०.३६. अ‍ॅसिटोनला १९९५ साली सूट मिळाली ती उगाच नाही. टोल्युईनपेक्षा ते शरीरालाही सौम्य आहे. माझ्या हाताखाली असे फॉर्म्युले बदललेत आणि मला ते आवडलेत. म्हणूनच चीड येते. चांगल्या बदलाची जाहिरात खोट्या वाक्यांवर करायची काय गरज?

शेवटी मी भाच्याला विचारलं, डब्यात नक्की आहे काय? त्याने फोटो पाठवला. वर फक्त ‘एक्झेम्प्ट थिनर’, आणि एक हिरवं पान. म्हटलं, दुकानदाराकडे एमएसडीएस, म्हणजे मालाचं सुरक्षा-माहितीपत्रक, माग, त्यात घटकांची नावं असतात. त्याने मागितली. दुकानदाराने संध्याकाळी उत्तरादाखल तोच फॉरवर्ड पाठवला.

डबा अजून भाच्याकडेच आहे, न उघडलेला, बाल्कनीत. कपाट त्याने जुन्याच मालाने मारलं, खिडकी उघडी ठेवून. एका शटरवर धूळ बसली, ते आज पुन्हा घासतोय.