एक बाक, दोन पास

शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राबरोबर प्रवासाला जाऊ नये, असं कोणीही वेळेवर सांगत नाही. तुम्ही शिकायला परदेशी निघालात की सल्ले द्यायला अख्खी बिल्डिंग गोळा होते. थंडीचे कपडे कुठून घ्यावेत, बँकेत खातं कसं उघडावं, सगळं विचारायच्या आत सांगून होतं. पण सेमिस्टरच्या सुट्टीत तोच जुना मित्र 'येतोय रे तिकडे' म्हणाला तर काय करायचं, याबद्दल सगळे चिडीचूप.

मी जर्मनीत, आखेनमध्ये शिकतो. मार्चमध्ये परीक्षा संपल्या, एप्रिलपर्यंत सुट्टी. मित्राला शेंगेन व्हिसा मिळाला आणि त्याचा फोन आला, "चल, युरोप दाखव." युरोप म्हणजे माझ्या खोलीमागची गल्लीच जणू!

पहिली ठिणगी युरोपभर चालणाऱ्या रेल्वेच्या पासवर पडली. दोघांचं वय सारखं, पासपोर्ट एकाच देशाचा, तेव्हा पासही एकच असणार असा माझा समज. तर नाही. युरोपात राहणाऱ्यांसाठी 'इंटररेल', 1972 पासून. बाहेरून येणाऱ्यांसाठी 'युरेल', ते तर त्याहून जुनं, 1959 चं. गाड्या त्याच, डबे तेच, भावही जवळपास तोच. पण माझ्याकडे जर्मनीत राहण्याचा परवाना, म्हणून मी 'इकडचा'. त्याच्याकडे नुसता व्हिसा, म्हणून तो 'तिकडचा'.

"बघू तुझं कार्ड," तो म्हणाला. मी परवान्याचं कार्ड पुढे केलं. त्याने ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, नखाने कडा खरवडून पाहिली आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "हा इसम दिसल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे." तेव्हापासून तो मला आणि समस्त युरोपला मिळून 'तुम्ही लोक' म्हणू लागला.

खरं रण माजलं पॅरिसमध्ये, लूव्र संग्रहालयाच्या दारात. तिथे युरोपियन आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या 26 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो. कुठे राहता ते बघतात, नागरिक कुठले ते नाही. मी कार्ड दाखवून आत. त्याने मात्र पुरतं तिकीट काढलेलं. रागाने की काय, पण त्याने पैसे वसूल करायचे ठरवले. ज्या दालनात दगडी भांड्यांशिवाय काही नाही तिथेही तो एकेक भांडं वाकून बघे आणि मी बाकावर टेकलो की ओरडे, "तुला काय, फुकट आलायस! ऊठ!" मोनालिसा फार मोठं चित्र नाही, 77 सेंटिमीटर उंच आणि 53 रुंद. समोर मोबाइल उंचावलेल्या हातांचं जंगल. त्यातून तो पार पुढे घुसला, दोन मिनिटांत परत आला आणि एवढंच बोलला, "तिनेही मला तिकीटच विचारलं बहुतेक."

मुक्काम हॉस्टेलमध्ये. 1909 मध्ये रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन मास्तर पोरांना घेऊन पायी सहलीला गेले होते. वाटेत वादळात सापडले आणि एका शाळेच्या इमारतीत त्यांनी रात्र काढली. त्यावरून त्यांना युवकांसाठी स्वस्त निवाऱ्यांची कल्पना सुचली, आणि 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं युथ हॉस्टेल निघालं. मास्तर थोर होते यात वाद नाही. पण त्यांच्या पोरांत माझ्या मित्रासारखा घोरणारा एकही नसावा, नाहीतर ही कल्पना त्या रात्रीच वादळात वाहून गेली असती. सहा जणांची खोली. पहाटे वरच्या बर्थवरच्या कोरियन मुलाने माझ्याकडे पाहून हात जोडले. याचा मालक मीच, असं त्याने गृहीत धरलं होतं.

अशा रात्रीनंतर मी उजाडताच उठून स्टेशन गाठलं. मार्सेयची गाडी होती. फ्रान्समधल्या वेगवान गाड्यांना पास असला तरी आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि पासवाल्यांच्या जागा मोजक्या. मित्राला बजावून आलो होतो. पण या गृहस्थाने मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलेलं. "साडेचार तास वजा केले की झालं, काटे कशाला फिरवायचे?" आणि तो मार्चचा शेवटचा रविवार. त्या रात्री युरोपात दोनचे एकदम तीन वाजतात. वजा करायचे तास साडेतीन झाले होते. त्याच्या हिशेबाने साडेआठ, स्टेशनच्या घड्याळात साडेनऊ. मी फलाटावर येरझारा घालतोय, गाडी शिट्टी देऊन चालली, आणि फोनवर हा निवांत, "अरे अजून तासभर आहे, काय घाई करतोस?"

चूक अर्थातच तुम्हा लोकांची. तो खिडकीवर गेला आणि नवं आरक्षण मागायच्या आधी त्या बाईंना त्याने ऐकवलं की 2019 मध्ये युरोपियन संसदेने ही घड्याळं पुढेमागे करायची पद्धत बंद करण्याच्या बाजूने मत दिलं होतं, मग ती अजून चालू कशी? बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दुपारनंतरच्या गाडीच्या दोन जागा दिल्या, एकमेकींपासून चार डबे लांब. त्या बाईंचा मी आजन्म ऋणी राहीन.

परतलो आखेनला. रात्रीचे बारा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पादचाऱ्यांचा दिवा लाल. माझे पाय आपोआप थांबले. तो सरळ चालत पलीकडे गेला.

"ये की!" तो तिकडून ओरडला.

"लाल आहे!" मी इकडून.

"कोण बघतंय?"

"पाच युरो दंड असतो!"

"मी भरतो, ये!"

दिवा हिरवा होईपर्यंत रस्त्याच्या दोन काठांवरून आमची ही जुगलबंदी चालली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन लागली. "लेका, तू आठवीत शाळेची भिंत चढून पळायचास," तो अगदी दुःखाने म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर, पुढे चांगला शिकून वाया गेलेल्या मुलाच्या बापाचे भाव होते.

पण देव असतो, आणि तो युरेलवाल्यांचा असतो. आता बर्लिन राहिलं होतं. इंटररेलवर तुम्ही ज्या देशात राहता तिथे फक्त एकदा बाहेर जाण्याचा आणि एकदा परत येण्याचा प्रवास मिळतो. माझे दोन्ही वापरून झालेले. युरेलला अशी अट नाही. म्हणजे जर्मनीत तो वाटेल तसा वेगवान गाडीतून उंडारणार, आणि जर्मनीत राहणारा मी इथल्या वेगळ्या, महिन्याच्या पासवर. या पासवर देशभर फिरता येतं, पण फक्त साध्या, जागोजागी थांबणाऱ्या गाड्यांनी. मी त्याला नियम वाचून दाखवला तेव्हा त्याने तो पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा, जरा हळू.

मी पहाटे निघालो, गाड्या बदलत. तो आरामात उठून, आंघोळ करून, मागून निघाला. मिंडेनला मी पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो होतो. हातात सँडविच, अंगात पिवळं जॅकेट. तेवढ्यात एक पांढरी लांबलचक गाडी न थांबता धडधडत गेली. सँडविचचा कागद उडाला, टोपी उडाली. टोपीमागे धावत होतो तेवढ्यात फोन वाजला.

"आत्ता एका स्टेशनात एक पिवळं जॅकेट पळताना दिसलं," तो म्हणाला. "तुम्हा लोकांकडे गाडी चुकली की असंच पळतात का?"