शेरा : राखणदार

काल आमच्या गाड्यांच्या शर्यतीच्या निकालाचा कागद आला. बाकीच्यांच्या नावांपुढे मिनिटं आणि सेकंद. माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’, आणि शेऱ्याच्या रकान्यात चक्क ‘राखणदार’. लिहिणारा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणून जास्त लागलं.

कोकणात रेस ट्रॅक नाही. मोठे म्हणावे तर एक ग्रेटर नोएडाला, एक चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला. कुडाळहून तिथे पोचेपर्यंतच टायर संपायचे. म्हणून आम्ही काही हौशी मंडळी जागामालकाची परवानगी काढून मे महिन्यात एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, शंकू मांडतो आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडतो. (कातळशिल्पांचा सडा आम्ही धरत नाही. ती शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्याच्या आधीही धरत नव्हतो.) माझी जुनी पेट्रोल सेदान लांब वळण संपवून तिसऱ्या गिअरमध्ये सरळ रेषेला लागली आणि कोणीतरी चावी बंद करावी तशी गप झाली. आचके नाहीत, खोकणं नाही. डॅशबोर्डवरचे दिवे शाबूत. गाडी गिअरमध्येच घरंगळतेय, म्हणजे चाकं इंजिन फिरवतायत, आणि आरपीएमचा काटा मात्र थेट शून्यावर.

निदान खरं तर इथेच अर्धं होतं. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य, म्हणजे ईसीयूला, इंजिनच्या कॉम्प्युटरला, इंजिन फिरल्याचा पत्ताच नाही. संशय ती खबर देणाऱ्या क्रँकशाफ्ट सेन्सरवर. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला असता तर आधी पेट्रोल बघायचं. अख्खा डॅशबोर्डच विझला असता तर बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंगची पट्टी किंवा चावीचा स्विच. हे इतकं सरळ आहे. पण बॉनेट उघडायच्या आत चार जण धावत आले आणि चौघांनीही एकच विचारलं: पेट्रोल आहे ना?

आहे! अर्ध्याहून जास्त आहे! टाकी पावच्या खाली असली की वळणात पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि गाडी आचके देते, पण सरळ झाली की पुन्हा धावते. हे मी चार वेळा समजावलं. पाचव्यांदा विचारणारे सड्यावर म्हशी चरायला घेऊन आलेले आजोबा होते. कमरेला कोयती, डोक्यावर ओला पंचा, हातात छत्री.

“झिला, पेट्रोल आसा मा?”

“आहे, आजोबा.”

“मगे राखणदार.”

जागा राखणाऱ्या अदृश्य शक्तीचं नाव त्यांनी इतक्या सहज घेतलं की क्षणभर मला स्पेअर पार्टचंच नाव वाटलं. “जाग्याचो राखणदार आसा. तेका न विचारता इलास, नारळ नाय, इडी नाय, मगे काय होतला? माझ्या चुलत्याचो ट्रक हयच बंद पडलेलो.”

मी म्हटलं, आजोबा, हा सेन्सर आहे. फ्लायव्हीलजवळ असतो, एक्झॉस्टच्या उष्णतेत भाजतो. आतली तांब्याची तार जुनी झाली की तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते.

“तुटता आणि आपसूक जुळता?” आजोबांनी चौघांकडे बघितलं. “आणि ह्यो माका राखणदार खोटो म्हणान सांगता!”

चौघे हसले. इंजिनिअर सगळ्यांत मोठ्याने.

“मी घराकडसून नारळ घेवन येतंय. तू खय जाव नको,” असं बंद गाडीच्या मालकाला बजावून ते निघाले. मी त्यांच्याकडून पंचा मागून घेतला, पिळला आणि सेन्सरवर ठेवला. चावी ऑन केल्यावर मागे पंप दोनेक सेकंद गुणगुणला, म्हणजे पंपाला वीज जोडणारा रिले ठीक. (नसता गुणगुणला तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघायचा; फुकटची चाचणी आहे.) स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड कुठलाच नाही. असा मधूनच होणारा बिघाड पुष्कळदा कोड सोडत नाही, पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड उमटेलच असं नाही. अशा वेळी स्टार्टर मारून स्कॅनरवर आरपीएम बघायचा: दोनशेच्या आसपास दिसला पाहिजे. मला शून्य दिसला. तो मी इंजिनिअरला दाखवत होतो, तेवढ्यात आजोबा परतले.

मग गाऱ्हाणं झालं. साग्रसंगीत, चपला काढून.

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान तुका न विचारता हय गाडी हाणल्यान, तेची काय चूकभूल झाली असात ती पोटात घाल आणि तेची गाडी चलती कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” चौघे.

“आणि तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” ह्याला जोर जास्त.

“आणि माझ्या म्हशीक दूध वाढव, नि पुतण्याचा लगीन जुळव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

नारळ फुटला. एव्हाना अर्धा तास झाला होता, सेन्सर गार पडला होता. मी स्टार्टर मारला. गाडी पहिल्या फटक्यात चालू.

त्या टाळ्या मी विसरणार नाही. मी “पंचा! ओला पंचा!” असं ओरडत होतो. आजोबा शांतपणे म्हणाले, “पंचो पण माझोच.”

पुढच्या फेरीत इंजिन तापलं आणि त्याच वळणाबाहेर गाडी पुन्हा मेली. वाटलं, आता तरी. पण आजोबांनी नारळाची कवड हुंगली. “नासको निघालो.” त्या नासक्या नारळाचे त्यांनी माझ्याकडून तीस रुपये घेतले. “राखणदाराक भाव नसता, नारळाक आसता मा?”

आजोबांवर राग नाही. राग गॅरेजवर आहे. तिथे पहिलं वाक्य “कार्बोरेटर साफ करूया”, इंजेक्शनच्या गाडीला! दुसरं, “पंप बदलून बघू.” पंप बदलायला तास जातो, तेवढ्यात सेन्सर थंड होतो, गाडी चालू होते आणि श्रेय पंपाला. पुन्हा बंद पडली की पंप नासका. आजोबा निदान तीस रुपयांत ऐकत होते.

शेवटी सेन्सर घरी काढला. माझा दोन तारांचा, आतल्या कॉइलचा. थंड असताना मल्टिमीटरवर आठशे ओहमच्या वर. हेअर ड्रायरने पाच मिनिटं भाजला आणि आकडाच गेला, सर्किट उघडं. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही. तिथे पुरवठ्याचे व्होल्ट आणि सिग्नल तपासावा लागतो. बरोबर अर्थची पट्टीही बघितली, कारण खाऱ्या हवेत ती हिरवी पडते: स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर घासायची. माझी ठीक होती. सेन्सरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला होता, फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दात पुसून घेतले, नवा बसवला.

काही गाड्यांना नव्या सेन्सरनंतर स्कॅनरने क्रँकची ओळख करून द्यावी लागते. गॅरेजात ते कोणी करत नाही. चेक इंजिनचा दिवा लागला की तोंड वर करून विचारतात, “सेन्सर डुप्लिकेट आणलात काय?”