टोल्किनच्या पुराणातला प्रकाश म्हणजे चांगुलपणाचा बिल्ला नव्हे

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किन या इंग्रज लेखकाच्या काल्पनिक जगाबद्दल एक दावा सतत फिरत असतो. तो साधारण असा: 'या जगात प्रकाश म्हणजे चांगलं आणि अंधार म्हणजे वाईट, एवढाच अर्थ आहे. सृष्टीची सुरुवात बायबलमधल्या "प्रकाश होवो"सारखी. दोन झाडं म्हणजे सूर्य-चंद्रच, वेगळ्या रूपात. सिल्मरिल हे पवित्र रत्न ज्याच्या हाती, तो सत्याच्या बाजूचा. आणि शेवटी उजेड जिंकतो. थोडक्यात, आपलं "तमसो मा ज्योतिर्गमय"च, फक्त इंग्रजी पेहरावात.'

नुसते सिनेमे पाहिलेल्यांनी असं म्हटलं तर समजू शकतं. पण त्या जगाचं पुराण असलेलं 'सिल्मरिलियन' वाचलंय असं सांगून लोक हे लिहितात, तेव्हा गप्प बसवत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात हाती घेतलेलं हे काम टोल्किन १९७३ साली वारला तेव्हाही अपुरंच होतं. मुलगा ख्रिस्तोफरने ते संपादित करून १९७७ साली छापलं. माणसाने उभं आयुष्य ज्या कल्पनेवर घालवलं, तिचा असा दोन रंगांत निकाल लावणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सृष्टीच्या सुरुवातीचा, कारण तो लगेच निकालात निघतो. टोल्किनचं जग प्रकाशाने सुरू होत नाही, संगीताने सुरू होतं. इलुवतार हा निर्माता आधी आयनूर नावाच्या दिव्य शक्ती निर्माण करतो, त्यांना सूर देतो, त्या गातात. त्यांच्यातलाच एक, मेल्कोर, त्या गाण्यात स्वतःचा बेसूर घुसवतो. जग दिसतं ते त्यानंतर. सृष्टीच्या गाभ्याशी इलुवतारची अक्षय ज्योत आहे खरी, पण ती डोळ्यांना दिसणारा उजेड नव्हे, अस्तित्व देण्याची शक्ती आहे. आणि पृथ्वी उजळते ती कुणाच्या आज्ञेने नव्हे, तर मेहनतीने. इल्लुइन आणि ऑर्माल हे दोन प्रचंड दिवे वालार म्हणजे या जगाचे देव घडवतात, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. मेल्कोर तेही पाडून टाकतो. टोल्किन श्रद्धावान कॅथलिक होता आणि त्याच्या श्रद्धेची सावली या कथेवर आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण 'प्रकाश होवो'ची नक्कल इथे शोधूनही सापडत नाही.

आता दोन झाडं. ती सूर्य-चंद्राची रूपं आहेत, हे म्हणणं ग्रंथातला क्रमच उलटा करतं. टेल्पेरिऑन आणि लॉरेलिन ही देवांच्या भूमीला उजेड देणारी झाडं यवान्ना या देवीच्या गाण्यातून उगवतात, तीही नीएन्ना या शोकाच्या देवीच्या अश्रूंनी भिजलेल्या मातीत. म्हणजे या प्रकाशाच्या मुळाशी पहिल्यापासून शोक आहे. टेल्पेरिऑनची पानं वरून गडद हिरवी आणि खालून चंदेरी. लॉरेलिनची कोवळी हिरवी, सोनेरी काठाची, आणि तिच्या पिवळ्या फुलांच्या घोसांतून सोनेरी पाऊस जमिनीवर सांडतो. एक झाड पूर्ण तेजाला जाऊन मंदावू लागलं की दुसरं उजळू लागतं, आणि दिवसातून दोनदा चंदेरी आणि सोनेरी उजेड एकमेकांत मिसळतो. सूर्य-चंद्र येतात ते ही झाडं मेल्यानंतर. टेल्पेरिऑनचं शेवटचं फूल म्हणजे चंद्र, लॉरेलिनचं शेवटचं फळ म्हणजे सूर्य. (या जगात सूर्याची नौका हाकणारी स्त्री आहे आणि चंद्राची हाकणारा पुरुष. हा तपशील मला फार आवडतो.) १९५१ साली मिल्टन वॉल्डमन या संपादकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात टोल्किनने हा फरक स्वतःच स्पष्ट केलाय. झाडांचा प्रकाश हा बुद्धी आणि कला यांची फारकत होण्यापूर्वीचा, कोणत्याही पतनाच्या आधीच्या उजेडातून आलेला. सूर्य-चंद्राचा प्रकाश मात्र त्या झाडांना पापाचा स्पर्श झाल्यानंतरचा. म्हणजे आपण रोज पाहतो ते ऊन या कथेत मूळ तेजाचा उरलासुरला अंश आहे.

खरा घोळ आहे तो 'प्रकाश म्हणजे चांगलं' या मुद्द्यात. दाव्यातला खरा भाग आधी मान्य करतो. सूर्य उगवतो तेव्हा मेल्कोरचे सेवक त्याला घाबरतात, आणि झाडांचा जीव घेणारी राक्षसी कोळीण उंगोलिअँट सोबत जो काळोख वागवते तो दुष्टच आहे. पण तो काळोख रात्रीचा नव्हे, हे ग्रंथात मुद्दाम सांगितलंय. तो उजेडाचा नुसता अभाव नसून उजेड पिऊन तयार झालेली, स्वतःचं अस्तित्व असलेली वस्तू आहे. साध्या रात्रीशी या ग्रंथाचं वैर नाही. एल्फ, म्हणजे या कथेतले अमर लोक, जागे होतात ते सूर्य-चंद्रांच्या कितीतरी आधी, ताऱ्यांखाली. त्यांच्या नजरेला पहिल्यांदा पडतात ते तारे, आणि ते तारे घडवणारी वार्दा त्यांना सगळ्या देवतांमध्ये सर्वांत प्रिय. अंधार मुळातच वाईट असता तर तारे दिसले तरी कुठे असते?

बरं, मेल्कोर मुळात काय आहे? अंधाराचा देव? तो सुरुवात करतो प्रकाशाच्या ओढीने. प्रकाश आपल्या एकट्याच्या मालकीचा होत नाही म्हटल्यावर तो संतापात, आगीत आणि शेवटी काळोखात उतरतो. हे ग्रंथाच्या पहिल्या काही पानांतच आहे, आणि पुढचं सगळं याच ओढीची पुनरावृत्ती आहे. उंगोलिअँट प्रकाशाचा द्वेष करते आणि त्याच्यासाठीच भुकेलेली असते. आणि फेआनोर, एल्फांमधला सर्वश्रेष्ठ कारागीर, झाडांचा प्रकाश तीन सिल्मरिलांमध्ये साठवतो, मग वडील आणि सात मुलं सोडून ती रत्नं कुणाच्या दृष्टीस पडू देणंही त्याच्या जिवावर येतं. त्यांतला उजेड आपण निर्माण केलेला नाही, हे तो विसरत जातो.

झाडं मेल्यानंतरचा प्रसंग पाहा. यवान्ना सांगते की सिल्मरिलांतला थोडासा प्रकाश मिळाला तर मुळं कुजण्याआधी मी झाडं पुन्हा जिवंत करीन. तुल्कास हा देव उतावीळ होऊन 'हो की नाही' असं विचारतो. आउले स्वतः कारागीर, तो त्याला थांबवतो, कारण आपण केवढी मोठी गोष्ट मागतोय हे त्याला कळतं. फेआनोर म्हणतो, काही कामं आयुष्यात एकदाच होतात, ही रत्नं फोडली तर माझं काळीजही फुटेल. आणि नकार देतो. इतक्यात बातमी येते की मेल्कोरने त्याच्या वडिलांना मारून रत्नं आधीच पळवली आहेत. म्हणजे 'हो' म्हटलं असतं तरी झाडं वाचणार नव्हती. पण निवेदक तिथे थांबून म्हणतो की बातमी येण्याआधी तो 'हो' म्हणाला असता, तर पुढे त्याच्या हातून घडलं ते कदाचित वेगळं असतं. अख्ख्या पुराणकथेचा नैतिक भार या एका वाक्यावर आहे. प्रश्न उजेड कुणाकडे आहे हा नाहीच. तो हातातून सोडायची तयारी आहे का, हा आहे.

'रत्न ज्याच्या हाती तो सत्याच्या बाजूचा' या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं. फेआनोर आणि त्याची मुलं रत्नांसाठी शपथ घेतात, आणि तिच्यापायी एल्फ एल्फांनाच कापतात. एकदा नव्हे, तीनदा: अल्क्वालोंडेच्या बंदरात, डोरिआथमध्ये आणि सिरिओनच्या किनाऱ्यावर. डोरिआथचा राजा थिंगोल वाईट माणूस मुळीच नाही, पण सिल्मरिलच्या मोहातच त्याचा जीव जातो. मेल्कोर रत्नांना हात लावतो तेव्हा त्याचे हात कायमचे होरपळतात. युगाच्या शेवटी फेआनोरचे उरलेले दोन मुलगे उरलेली दोन रत्नं पहारेकऱ्यांना मारून मिळवतात, आणि त्यांचेही हात तसेच भाजतात. पवित्र तेजाने खलनायकाला जी शिक्षा दिली, तीच हक्काच्या वारसांनाही दिली. एक जण रत्नासकट आगीच्या दरीत उडी घेतो, दुसरा आपलं रत्न समुद्रात फेकतो.

राहिला 'उजेड जिंकतो' हा मुद्दा, आणि त्याला जोडलेलं उपनिषद. बृहदारण्यकातल्या त्या प्रार्थनेबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण ती अंधाराकडून उजेडाकडे नेण्याची विनंती आहे, आणि टोल्किनची कथा उलट दिशेने चालते. दिवे पडतात, मग झाडं. झाडं मरतात, मग तीन रत्नं. त्यांतली दोन नाहीशी होतात आणि तिसरं एआरेंडिल या दर्यावर्दीच्या नौकेवरून आकाशात तारा होऊन फिरतं. त्या ताऱ्याचा उजेड गलाद्रिएल ही एल्फ स्त्री आपल्या कारंज्याच्या पाण्यात पकडते आणि एका कुपीत भरून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा नायक फ्रोडो याला देते. आपल्याकडे एका पणतीने दुसरी लावली तर पहिलीचं काही कमी होत नाही. इथे प्रत्येक हस्तांतरात तेज घटत जातं, फुटत जातं. व्हर्लिन फ्लिगर या अभ्यासक बाईंनी १९८३ साली या फुटत जाणाऱ्या प्रकाशावर आख्खं पुस्तक लिहिलंय.

त्या थेंबभर उजेडाने काहीच साधत नाही असं मात्र नाही. उंगोलिअँटची वंशज शीलॉब हिच्याशी लढताना फ्रोडोचा सोबती सॅम तीच कुपी उंचावतो आणि शीलॉब मागे हटते. जिच्या पूर्वजेने झाडं पिऊन टाकली, तिला त्याच झाडांचा शेवटचा अंश सहन होत नाही. पण 'प्रकाशाचा विजय' म्हणून नेमका हाच प्रसंग दाखवणारे पुढची पानं उलटत नाहीत. माउंट डूम या ज्वालामुखीच्या पोटात, जिथे सगळ्याचा निकाल लागायचा आहे, तिथे सॅम पुन्हा कुपी बाहेर काढतो आणि ती थंड, निस्तेज पडलेली असते. त्या काळोखात तिचा काडीचाही उजेड पडत नाही. जी दुष्ट अंगठी आगीत टाकून नष्ट करायला फ्रोडो इथवर आला, ती टाकायला तोही ऐनवेळी नकार देतो. ती नष्ट होते कारण तिच्या मोहाने पछाडलेला गॉलम ती हिसकावून घेतो आणि तोल जाऊन खाली आगीत पडतो. आणि गॉलम तिथे जिवंत पोचलेला असतो तो अंगठीचा आधीचा मालक बिल्बो, फ्रोडो आणि सॅम या तिघांनी आपापल्या वेळी त्याला मारायची संधी असूनही सोडून दिलं म्हणून.